एक ठोका चालू, दोन ठोके बंद

३ मार्च

सुरू झालं का? लाल ठिपका दिसतोय. म्हणजे झालं असावं.

नातीने फोनमध्ये ही सोय करून दिलीय. मी बोलायचं, फोनने लिहायचं. तारीखही तोच घालतो. ती म्हणाली, "आजी, ही तुझी एकटीची वही. कुणाला दिसणार नाही." मलाही कुठे दिसणार आहे! मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. जन्मात शिकले नाही, आता शिकणार नाही. म्हणजे लिहिणार मी आणि वाचणार कुणीच नाही — याहून खाजगी काय असतं?

डब्याच्या मागच्या पायरीवर बसलेय. डबा म्हणजे आमचं घर. चाकांवरची खोली — मोटारीमागे जोडायची आणि ओढत न्यायची. लोक म्हणे त्यात बसून सहलीला जातात. कुण्या गिऱ्हाइकाने आमच्या दुकानाच्या आवारात दुरुस्तीला आणून टाकला, तो माणूस परत आलाच नाही. आमची भाड्याची खोली सुटली तेव्हा आम्ही दोघं त्यात शिरलो. चार वर्षं झाली. सहल काही निघाली नाही.

इकडून तिकडे अकरा पावलं. माझी. मिस्त्रींची शून्य.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. गाड्यांच्या वायरिंगचं काम, पंचेचाळीस वर्षं. सगळं जग मिस्त्री म्हणतं म्हणून मीही. चार वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात उरला, डोळे उरले, आणि खवचटपणा उरला — तो हल्ली डोळ्यांत राहतो.

दुपारी ते आत झोपतात. तेवढा वेळ माझा. म्हणून पायरी, म्हणून फोन.

५ मार्च

आवार विकलं गेलं. महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. लेक म्हणते, "आई, डबा घेऊन इकडेच या, आमच्या अंगणात उभा करू." ओढून नेणार लांब्या. लांब्या म्हणजे शेजारचा पिकअपवाला — गाडीत बसला की गुडघे स्टिअरिंगला टेकतात. पण डब्याच्या ब्रेकची आणि बॅटरीची वायर त्याच्या पिकअपला जोडल्याशिवाय काही हलणार नाही. वाटेत मोठाले उतार आहेत. आणि बाजारातला वायरमन म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू."

मी म्हटलं, मी करते.

लेक हसली. "आई, तुला त्यातलं वाचता तरी येतं का?"

ते काय वर्तमानपत्र आहे! आयुष्यभर यांच्या हाताखाली वायरी धरल्या. कुठली कुठे जाते ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

६ मार्च

जावईबापूंनी कागद पाठवला. फोनवर. वायरींचं चित्र — रंगीत, देखणं. सात वायरी, सात पिनांचा प्लग. निळी ब्रेकची, काळी चार्जिंगची, पांढरी अर्थिंगची, उरलेल्या दिव्यांच्या. फार छान. आमच्या डब्यात निळी वायर गेलीय मागच्या दिव्याला! कुणी, कधी, का — देव जाणे.

मिस्त्री सांगायचे, वायरीला रंगावरून ओळखू नये. तपासायचा लॅम्प लावून विचारावं. पेटला तर खरी.

मग आज तेच केलं. मिस्त्रींना खुर्चीसकट पुढे आणलं, डब्याच्या सोंडेजवळ — पिकअपला अडकवायचा लोखंडी दांडा असतो, त्याला मी सोंड म्हणते. हत्यारं त्यांच्या मांडीवर ठेवली. पक्कड, पेचकस, चिकटपट्टी. मी त्यांचा जुना चार खिशांचा कोट चढवला. आरशात बघितलं — मिस्त्रीच! फक्त मिशी कमी.

दुकानात आमची एक खूण होती. हे गाडीखाली, मी बटणाशी. यांनी आतून पक्कड आपटली — एक ठोका म्हणजे करंट चालू कर. दोन ठोके म्हणजे बंद. बोलायची गरजच नसायची. (गरज नव्हती म्हणून यांनी चार वर्षं वाचा वापरलीच नाही असं मी त्यांना म्हणते. डोळे वटारतात.) आता तीच खूण — एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पण खरं सांगायचं तर हल्ली मी विचारतेच काय? पाणी हवं? कूस वळवू? एवढंच.

आज सात वायरींचे सात प्रश्न विचारले. सातही वेळा ठोका आला. दोनदा मी चुकले. दोन ठोके — आणि तोंडाचा एक कोपरा वर. हसत होते माझ्यावर!

७ मार्च

आज काम नाही. तीनदा कपडे, दोनदा चादर. माझी पाठ.

९ मार्च

लांब्याच्या बॅटरीपासून जाड वायर मागे आणली, मध्ये फ्यूज घातला. त्याचं इंजिन चाललं की आमच्या डब्याची बॅटरी भरणार. लांब्या वाकून बघत होता. "आजी, एवढी जाड कशाला? माझ्याकडे बारीक पडलीय."

"तुझ्यासारखी लांब न् बारीक नको. वाटेत दमते."

मिस्त्रींनी पक्कड इतक्या जोरात आपटली की लांब्या दचकला. एक ठोका.

मग ब्रेक. चाकाच्या ड्रममध्ये लोहचुंबक असतं. वीज गेली की ते ड्रमला चिकटतं आणि ब्रेक आवळतात. लांब्या जेवढा पाय दाबेल तेवढीच वीज डॅशबोर्डाखालची डबी मागे पाठवते. आणि वाटेत डबा सुटलाच तर? त्यासाठी सोंडेवर एका डबीत खिट्टी खोचलेली. तिची तार पिकअपला बांधायची. डबा सुटला की तार खिट्टी उपसते, आणि मग डब्याची स्वतःचीच बॅटरी त्याची चाकं करकचून आवळते. पळणारा जागच्या जागी उभा.

हुशार गोष्ट आहे. अशीच खिट्टी मला लग्नातच कुणी बसवली होती की काय कोण जाणे.

११ मार्च

झालं!! लांब्याने आवारात दोन फेऱ्या मारल्या. पाय दाबला की डबा आज्ञाधारकासारखा थांबतो. बॅटरीही भरली. लांब्या म्हणाला, "आजी, दुकान परत उघडा." मिस्त्रींनी एकच ठोका दिला, पण कसा! दुकानात मोठं काम संपलं की द्यायचे तसा.

आता ते आत झोपलेत. आज घोरतही नाहीत, इतकी गाढ झोप. मी खिडकीखाली पायरीवर. म्हणून बोलते. एकदा कुठेतरी बोलायला हवं.

लेकीकडे आम्ही दोघं जातोय हे अर्धं खरं आहे. तिच्या घराजवळ एक संस्था आहे. असे आजारी लोक सांभाळतात. तिथे यांच्यासाठी खाट मिळालीय. पंचवीस तारखेला पोचायचं. डब्यात, अंगणात, राहणार मी एकटी.

लेक म्हणाली, "आई, तुझ्याच्याने आता होत नाही." मी म्हटलं, हो. इतकं पटकन म्हटलं की तिनेच "नक्की?" म्हणून विचारलं. मला वाटलं होतं मी नाही म्हणेन, ती समजूत घालेल, मी रडेन, मग हो म्हणेन — रीतसर. पण तोंडातून आधी "हो" निघालं.

चार वर्षं मी या अकरा पावलांत आहे. बाजारात भाजी आणायला गेले तरी कान इकडे. रात्रभर एक डोळा उघडा. यांना उचलताना कधीकधी वाटतं, मीच पडावं म्हणजे कुणीतरी मला उचलेल. वाईट विचार. पण वहीत नाही तर कुठे?

यांना सांगितलेलं नाही. कसं सांगू? वाटेत सांगेन. चालत्या गाडीत तोंड फिरवून बसता येतं.

१३ मार्च

लांब्या पुन्हा आला, सगळं एकदा तपासून जाऊ म्हणाला. प्लग लावला, गिअर टाकला — चाकं अडकलेली! जळका वास. डबा फरफटत हातभर सरकला आणि आत माझी भांडी पडली. बॅटरीही ठार उतरलेली. परवा काठोकाठ भरली होती!

"आजी, काल चालत होतं की."

"परवा. आणि मला काय सांगतोस, मी बघितलं नाही का?"

१४ मार्च

चार्जिंगची वायर ब्रेकच्या वायरीला कुठेतरी चिकटली असणार. तेच. दुसरं काय? चार्जिंगची वीज ब्रेकमध्ये जातेय, म्हणून प्लग लावला की चाकं आवळतात. सगळा प्लग उघडला. सात वायरी, सात प्रश्न. सगळ्या आपापल्या जागी. डॅशबोर्डाखालची डबी — ठीक. फ्यूज — ठीक. खिट्टी चाचपली, डोकं जागेवर. ठीक.

मग?

१५ मार्च

मिस्त्री सोंडेजवळ बसून बघतात. आज मला त्यांचा राग आला. मी चिखलात पाठीवर पडलेली, आणि हे वर बसून उन्हात डोळे मिचकावतात. म्हटलं, "सांगा ना! तुम्हाला कळलंय!" ठोका नाही. पक्कड हातातच धरून बसले.

१६ मार्च

एक जोड सापडला. डब्याच्या पोटाखाली, गंजलेला, कधीचा कुणाचा. मी ओरडले, "अहो, हे बघा!" आणि मग माझ्याच ध्यानात आलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी यांना "हे बघा" म्हटलं. एरवी "वळा", "गिळा", "हात वर".

जोड कापला, नवा केला. त्यांनी डाव्या हाताने वायर धरली, मी पट्टी गुंडाळली. त्यांची बोटं, माझी बोटं, सगळं काळं. जेवायचंच राहिलं. तीन वाजता आठवलं. भात त्यांनी चमच्याने स्वतः खाल्ला, अर्धा. अर्धा कोटावर — माझ्या!

चाकं तरीही अडकलेलीच. पण आज मी चिडले नाही. का कोण जाणे.

१८ मार्च

चाकं अडकलेली. मीही.

१९ मार्च

लेकीचा फोन. "आई, खाट पंचवीसपर्यंतच ठेवतील, मग दुसऱ्याला देतील. रांग आहे." आणि मग हळूच, "तू मुद्दाम तर लांबवत नाहीयेस ना?"

मी! मी दिवसभर गाडीखाली आहे, बाई! कोपराची सालं निघाली. मी मुद्दाम!

फोन ठेवला आणि रडायला आलं. खाट जाईल म्हणून की खाट राहील म्हणून, ते कळेना.

लांब्या म्हणाला, "आजी, एक करू. ब्रेकची वायरच कापून टाकू. असाच ओढतो. हळू नेईन."

मी हो म्हणणार होते. हल्ली हो पटकन येतं.

ठक ठक! मिस्त्रींनी अशी पक्कड आपटली की खुर्चीच्या दांड्याचा रंग उडाला. पुन्हा ठक ठक. पुन्हा. तोंड लाल. लांब्या दोन पावलं मागे सरला. बरोबरच आहे — उतारावर ब्रेकशिवाय हा डबा पिकअपच्या मानगुटीवर बसला असता. आत मी, हे, भांडी, सगळे.

"राहिलं, मिस्त्री, राहिलं," लांब्या म्हणाला. चार वर्षांत तो यांच्याशी पहिल्यांदा थेट बोलला. एरवी मला विचारतो, "यांना कसं आहे?"

२२ मार्च

सापडलं.

लांब्याने सकाळी तासभर इंजिन चालू ठेवलं, बॅटरी थोडी भरू दिली, मग प्लग काढून कामाला निघून गेला. मी लगेच खाली शिरले. सहज म्हणून ब्रेकच्या वायरीला लॅम्प लावला. पेटला.

प्लग काढलेला! पिकअप रस्त्यावर! आणि ब्रेकमध्ये वीज!

आजवर मी प्लग काढून बघायचे तेव्हा बॅटरी उतरलेलीच असायची, म्हणून लॅम्प कधी पेटला नाही. म्हणजे चार्जिंगच्या वायरीचा दोष नव्हताच. डबा स्वतःच्याच बॅटरीने स्वतःची चाकं आवळून बसला होता. आणि ते करणारी गोष्ट डब्यात एकच — खिट्टी.

पण खिट्टी तर जागेवर. रोज हात लावून बघितली. आज ओढली. डोकं हातात आलं. नुसतं डोकं! आतली दांडी कापलेली. साफ, सरळ, एका दाबात. पक्कड कशी चालवायची ते माहीत असलेल्या माणसाने. बारा तारखेला मी यांना सोंडेजवळ उन्हात बसवून भाजीला गेले होते.

डबीत दांडी नाही म्हणजे खिट्टी उपसल्यासारखंच. ब्रेक आवळलेले, बॅटरी उतरलेली. दोन्ही दुखणी एकाच कापाने. वरून टोपी मात्र शाबूत, माझ्यासारखी चाचपणारी फसावी म्हणून.

मी वर बघितलं. मिस्त्री माझ्याकडेच बघत होते. डावी मूठ उघडली. तळहातावर दांडीचा तुकडा.

 

२३ मार्च

काल सकाळी आवाराच्या फाटकाशी जाऊन ते बोलले; दुपारी उरलेला राग काढायला पायरीवर येऊन बसले. फोन काढला, लाल ठिपका दाबला, तोंड उघडलं — आणि वर बघितलं. वर खिडकी. तिची काच गेल्या वर्षी फुटली, मीच पुठ्ठा लावला. पुठ्ठ्याच्या पलीकडे यांची उशी.

फोन बंद केला.

जगात लोक रोजनिशी लिहितात, कुलपात ठेवतात. आणि मी शहाणी, रोज दुपारी नवऱ्याच्या कानाशी बसून खणखणीत आवाजात खाजगी बोलते!

आज खुर्चीसमोर बादली पालथी घातली, बसले, पक्कड त्यांच्या हातात दिली. फोनही चालू ठेवला नाही. जे झालं ते आता सांगतेय, त्यांच्या समोरच बसून.

"ऐकलंत?" एक ठोका.

"सगळं? खाटेचंही?" एक.

"रागावलात?" दोन.

खोटं बोलता का, म्हटलं. दोन.

मग विचारलं. बारा दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं ते. "संस्थेत जाल?"

मला वाटलं होतं दोन येतील. मी तयारी केली होती — कशी समजूत घालू, काय बोलू. एक ठोका आला. लगेच. जरासुद्धा न थांबता. माझ्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि दिला.

"मग खिट्टी कशाला कापलीत, अहो?"

याला एक नाही की दोन नाही. असे प्रश्न यांना विचारता येत नाहीत, मीच विसरले. मग मी एकेक करून विचारत गेले. सगळ्या वायरी तपासतात तसं.

मला धडा शिकवायला? दोन. भीती वाटली? जरा थांबून — दोन. लेकीवर राग? दोन. लांब्याच्या गाडीवर विश्वास नाही? दोन, पण तोंडाचा कोपरा वर गेला.

मी दमले. म्हटलं, आता मला सुचत नाही. तेव्हा त्यांनी मांडीवरची हत्यारं बघितली. मग लॅम्प. मग माझा कोट, भाताचा डाग अजून तसाच. मग माझे काळे हात.

मी विचारलं, "काम संपू नये म्हणून?"

एक ठोका. हलका. ऐकू येईल न येईल असा.

२४ मार्च

सुट्या भागांच्या डब्यात तशीच दुसरी खिट्टी सापडली. नवी. लावून बघितली — चाकं मोकळी, बॅटरी उतरत नाही. पाच मिनिटांचं काम. लांब्या उद्या सकाळी येतोय.

२५ मार्च

लांब्या आला. प्लग लावला, गिअर टाकला. चाकं जागची हलली नाहीत.

"आजी! अजून तेच?"

"काय करू बाबा. फॉल्ट सापडत नाही."

लेकीला फोन करून सांगितलं, खाट दुसऱ्याला देऊन टाक. आवार सोडायला अजून सहा दिवस आहेत. तोवर बघू.

पाठ तशीच दुखतेय. नवी खिट्टी माझ्या कोटाच्या खिशात आहे.

मी अजून काही विचारलंही नव्हतं. मिस्त्रींनी खुर्चीच्या दांड्यावर एक ठोका दिला.